घडीच्या चाकूला घरी धार: साधं पातं, दातेरी पातं आणि त्यासाठी लागणारी हत्यारं

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतली, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी घडीचा चाकू घेऊन घरी आली. सुट्टी मिळाली की माहुलीला नाहीतर येऊरला ट्रेकला जाणारी. चाकूचं मुठीकडचं निम्मं पातं दातेरी, टोकाकडचं निम्मं साधं.

"काका, टोमॅटोसुद्धा कापत नाही हो. ती ऑनलाइन मिळणारी धार लावायची डबी आहे ना, तिच्यातून वीसेक वेळा ओढला. आणखीच बिघडला."

चाकू खिडकीपाशी नेला आणि धार वर करून उजेडात धरला. साध्या भागात केसाएवढी चमकती रेघ दिसत होती. धार खरोखर असेल तिथे उजेड परतायला जागाच नसते. रेघ चमकली की तिथे धार गोल झाली असं समजायचं. दातेरी भागात मजा वेगळीच होती. दातांच्या शेंड्या चपट्या झालेल्या, आणि दोन दातांमधल्या खाचांत मात्र कारखान्यातली धार जशीच्या तशी. डबीतल्या कार्बाइडच्या पट्ट्या खाचेत पोचल्याच नव्हत्या, त्यांनी नुसत्या शेंड्या खरवडल्या होत्या.

"टाकून देऊ का?"

"अगं, टाकतेस कशाला? बस, चहा घे. पण ती डबी पुन्हा वापरू नकोस."

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये माझी बरीच वर्षं गेली. ड्रिल, टूल, पंच यांना धार लावणं हे रोजचंच काम. त्यामुळे निवृत्तीनंतर बिल्डिंगमधल्या सगळ्या सुऱ्या-चाकूंची वाट आमच्या दारावरून जाते. त्या दिवशी तिला जे सांगितलं आणि करून दाखवलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी पातं बघा

"कोणता दगड घेऊ?" हा पहिला प्रश्न असतो. दुकानदारालाही तोच सोयीचा. पण पात्याची अवस्था बघितल्याशिवाय दगड ठरवणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

धार कधीकधी नुसती थकलेली असते. कागद कापताना मध्येच अडते, पण चमकती रेघ दिसत नाही. अशा वेळी धार झिजलेली नसते, तिची कड एका बाजूला कललेली असते. दगडाची गरजच नाही. चामड्याच्या पट्ट्यावर किंवा बारीक सिरॅमिकच्या सळईवर दहा-बारा हात मारले की काम होतं. रेघ दिसत असेल तर ती बोथट, तिला मध्यम दगड. कड कुठे तुटली असेल, टोक मोडलं असेल, तरच जाड दगड. आणि दातेरी पातं हे वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे नंतर येतो.

दुसरी गोष्ट पोलादाची. तो ओळखीचा लाल स्विस चाकू साधारण ५६ रॉकवेल (हे कठीणपणाचं माप) कठीण असतो. पोलाद मुद्दाम फार कठीण ठेवलेलं नाही, त्यामुळे लवकर बोथट होतं, पण कुठल्याही दगडावर पाच मिनिटांत धारेला येतं. मला हा सौदा पसंत आहे. बाजारातले स्वस्त चाकू याहून मऊ असतात. त्यांना धार चटकन येते आणि तितक्याच चटकन जाते. उलट हल्ली काही महागड्या चाकूंचं पोलाद पावडरपासून बनवलेलं, भरपूर व्हॅनेडियम धातूचं असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण, म्हणजे कार्बनशी झालेल्या संयुगाचे कण, साध्या अ‍ॅल्युमिना दगडापेक्षाही कठीण असतात. असा चाकू साध्या दगडावर तासभर घासलात तर दगड झिजेल, चाकू हसत बसेल. त्याला हिऱ्याची पट्टीच हवी. चाकू कोणत्या पोलादाचा हे बहुतेक वेळा पात्याच्या बुडाशी कोरलेलं असतं. काही कोरलेलं नसलं तर पोलाद साधं आहे असं खुशाल धरा.

कोणतं हत्यार घ्यावं

हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो करडा-काळा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड. सुताराकडे हाच असतो. जांभळी नाक्याच्या बाजारात, वागळे इस्टेटच्या आसपास, नवी मुंबईत रबाळे-महापे-तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या हार्डवेअरवाल्यांकडे तो सहज मिळतो. अपघर्षकांचे, म्हणजे घासायच्या दगड-कागदांचे, सगळे प्रकार एकाच ठिकाणी बघायचे असतील तर मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा. माझा दगड तिथलाच आहे, आठ इंची. सहा इंचीपेक्षा आठ इंची घ्या, हात मोकळा फिरतो.

थोडं विषयांतर करतो. पूर्वी धार लावायला कुरुंद या अतिकठीण खनिजाचा दगड वापरायचे. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द आपल्याच बाजूने, तमीळ-संस्कृतातून तिकडे गेला. पुढे १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचिसन नावाच्या संशोधकाला विजेच्या भट्टीत चमकदार, अतिकठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचं संयुग आहे अशा समजुतीने त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात निघालं सिलिकॉन कार्बाइड. नाव चुकलं ते चुकलं, पण चिकटलं. म्हणजे सुताराच्या पेटीतल्या दगडाच्या नावात आपला कुरुंद अजून बसलेला आहे.

दगड घेताना दुकानातच स्टीलची पट्टी त्यावर उभी धरून उजेडात बघा. मधे फट दिसली तर दुसरा मागा. घरी वापरताना दगड मधे झिजून खोलगट होतोच. मग काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणायचा, त्यावर १२० नंबरचा वॉटरपेपर (नंबर जितका मोठा तितके कण बारीक) ओला करून पसरायचा आणि दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारून त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडप्पा सपाट दिसतो, तेवढा सपाट तो नसतो. शिवाय घरात भांडण होतं.

जपानी पद्धतीचे पाण्याचे दगड, १०००/३००० किंवा १०००/६००० असे जोड, फार सुंदर काम करतात. पण ते मऊ असतात, लवकर खोल होतात, बरेचसे आधी भिजवावे लागतात आणि घडीच्या चाकूचं टोक जरा वाकडं लागलं की त्यांत रुततं. स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीसाठी जरूर घ्या. खिशातल्या चाकूसाठी एवढा थाट नको. नंबरांबद्दल एक लक्षात ठेवा: जपानी दगडावरचा १००० हा आपल्या वॉटरपेपरच्या १००० पेक्षा बारीक असतो. दोन वेगळी मापं आहेत, ताडून बघू नका.

हिऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे पोलादाच्या पट्टीवर निकेलच्या थराने औद्योगिक हिऱ्याचे कण बसवलेले असतात, त्या हल्ली स्वस्त झाल्यात. ४०० आणि १००० अशी दुहेरी पट्टी असली की खिशातल्या चाकूचं सगळं काम भागतं. ती खोलगट होत नाही, भिजवावी लागत नाही, पाण्याचे दोन थेंब पुरतात. एकच पथ्य: जोर लावायचा नाही. दाबलं की हिरे उपटून निघतात, आणि दोन महिन्यांत पट्टी गुळगुळीत झाली म्हणून माणूस कंपनीला शिव्या देतो. नवीन असताना ती जास्तच ओरखडे काढते, पहिले दोन-तीन चाकू घरातले जुनेपाने घ्या. आज कोणी मला एकच वस्तू सांगा म्हटलं, तर मी ही पट्टी सांगतो.

सिरॅमिकची सळई थकलेली धार जागी करायला उत्तम. त्रिकोणी सळया ठरावीक कोनात उभ्या बसवायची स्टँडही मिळतात. स्पायडर्को कंपनीचं त्यातलं प्रसिद्ध. एका बाजूला १५ नाहीतर २० अंश असा कोन आपोआप मिळतो, चाकू नुसता उभा खाली ओढायचा, आणि सळईच्या कंगोऱ्यावर दातेरी पात्याचंही काम होतं. हाताला कोन साधतच नसेल त्यांनी खुशाल घ्यावं. पैसे वाचवायचे असतील तर घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी उपडी करा. बुडाचं कडं खरबरीत लागतं ना, त्याला चकाकीचा थर नसतो. तीच तुमची सिरॅमिकची सळई. कॉफीचा मगही चालतो, फक्त धार लावून झाल्यावर धुऊन ठेवा, नाहीतर लोखंडाची काळी भुकटी दुसऱ्याच्या हाताला लागते.

आणि ती ओढायची डबी? तिच्यातल्या पट्ट्या धार घासत नाहीत, लोखंड सोलून काढतात. कोन एकच, तोही तुमच्या पात्याचा नव्हे, डबीचा. भाजीच्या पाच जागी वाकलेल्या सुरीला चालेल, चांगल्या चाकूला नको. दातेरीला तर अजिबात नको.

साधं पातं

चाकू आधी धुऊन पुसून घ्या. चिक्कूचा चीक, सेलोटेपचा गोंद पात्यावर राहिला तर दगडाची छिद्रं बुजतात. बिजागरीवर कागदी टेप गुंडाळा, नाहीतर दगडाची भुकटी आत जाऊन चाकू उघडताना करकरतो. लॉक असेल तर नीट बसलंय ना ते बघा. लॉक नसलेल्या चाकूच्या पाठीवर कधीही दाब देऊ नका, तो मिटतो आणि मिटताना बोटं बघत नाही.

दगडाखाली ओला फडका ठेवा, म्हणजे दगड सरकणार नाही. कार्बोरंडमवर पाणी वापरा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. काहीजण तेल वापरतात, तेही चालतं, पण एकदा तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्यावर येत नाही. खायचं तेल मात्र नको, महिन्याभराने त्याचा चिकट थर होतो. तेलच हवं तर शिलाई मशीनचं.

आता कोन. खिशातल्या चाकूला एका बाजूला १५ ते २० अंश. फळं, भाजी कापणार असाल तर १५च्या जवळ. खोकी फोडणं, दोऱ्या कापणं असेल तर २०. कोन डोळ्याने ठरवायची जुनी युक्ती अशी: पातं दगडावर काटकोनात उभं धरा, त्याच्या निम्मं झुकवा, ४५ झाले, पुन्हा निम्मं, साडेबावीस. त्याहून किंचित खाली आलात की पोचलात. मोजूनच हवं असेल त्यांच्यासाठी हिशेब: पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर १५ अंशांना पात्याची पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर वर हवी, २० अंशांना सुमारे ७. रुंदी १५ मिलिमीटर असेल तर अनुक्रमे ४ आणि ५. पट्टीने मोजून तेवढ्या उंचीची नाण्यांची चवड करा, पाठीखाली धरून बघा, मनगटाला उंची समजली की नाणी काढून टाका.

पण सगळ्यात भरवशाची युक्ती म्हणजे मार्कर. धारेच्या दोन्ही उतारांवर, म्हणजे पातं धारेकडे निमुळतं होतं त्या चिंचोळ्या पट्ट्यांवर, काळ्या मार्करने रेघ मारायची आणि दोन-तीन हलके हात मारून बघायचं. शाई वरच्या बाजूने, म्हणजे पाठीकडून गेली असेल तर चाकू फार आडवा धरलाय. नुसत्या धारेच्या कडेवरून गेली असेल तर फार उभा धरलाय. संपूर्ण उतारावरून सारखी गेली, की कारखान्याचा कोन तुमच्या हातात आला. त्या मुलीला मी हे एवढंच अर्धा तास करायला लावलं. कंटाळली, पण मनगट बसलं.

मग हात फिरवायचा. मुठीकडच्या टोकापासून सुरुवात, दगडावरून साल काढल्यासारखं पातं पुढे न्यायचं आणि त्याच वेळी आडवं सरकवत टोकापर्यंत यायचं. जिथे पातं वळतं तिथे मूठ जरा वर उचलायची, म्हणजे वळणावरही कोन तोच राहतो. हे उचलणं विसरलं की टोक बोथट राहतं. दहातल्या आठ घरगुती चाकूंचं टोक याच कारणाने बोथट असतं, असा माझा अनुभव. टोक दगडावरून खाली पडू द्यायचं नाही, दगडावरच थांबायचं.

जोर किती? स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर दगड ठेवा, काटा शून्यावर आणा आणि हात मारून बघा. सुरुवातीला अर्ध्या किलोच्या आसपास पुरे. शेवटी शेवटी शंभर ग्रॅम. पहिल्यांदा मीही हे करून बघितलं तेव्हा काटा दीड किलोच्या वर गेला होता, आणि मी स्वतःला हलक्या हाताचा समजत होतो.

एकाच बाजूने चालू ठेवायचं. किती वेळा? आकडा विचारू नका, बर विचारा.

बर आली का

बर म्हणजे वर्कशॉपमधला शब्द. एका बाजूने लोखंड घासत गेलं की कड इतकी पातळ होते की ती दुसऱ्या बाजूला वळते, तीच बर. डोळ्याला दिसतेच असं नाही, बोटाला कळते. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या आडवा, बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवा. घासलेल्या बाजूच्या उलट बाजूला, कडेशी बारीक काहीतरी नखाला अडतं. धारेच्या लांबीने मात्र बोट कधीही फिरवू नका.

ही बर मुठीपासून टोकापर्यंत सलग आली पाहिजे. मधे दोन सेंटिमीटरवर नसेल तर तिथे दोन्ही उतार अजून एकत्र आलेले नाहीत, म्हणजे तिथे धार नाही. फक्त तेवढ्याच जागी अजून हात मारा. सलग आली की थांबा. त्यापुढे घासणं म्हणजे चाकू फुकट झिजवणं. घरी धार लावणाऱ्यांच्या चुका दोनच: बर यायच्या आत बाजू बदलणं, आणि बर तशीच ठेवून चाकू वापरायला घेणं. दुसरी चूक फसवी आहे. बरीवरचा चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा कापतो, आणि दुसऱ्या दिवशी बर मोडते की पहिल्यापेक्षा बोथट.

बर आली की बाजू बदला, तिकडूनही तसंच, बर पहिल्या बाजूला येईपर्यंत. मग बारीक बाजूवर तेच, पण जोर कमी आणि हातांची संख्याही कमी. शेवटी बर काढायची: एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, असे दहा-बारा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलकं, शेवटचे दोन तर पात्याच्या स्वतःच्या वजनाने. कोन अगदी किंचित वाढवला तर बर लवकर सुटते.

त्यानंतर चामडं. जुन्या कंबरपट्ट्याचा वीतभर तुकडा लाकडी पट्टीवर फेव्हिकॉलने चिकटवा, आतली खरबरीत बाजू वर. त्यावर पॉलिशवाल्यांकडे मिळणारी हिरवी वडी खडूसारखी घासा, तीत क्रोमियम ऑक्साइड असतं. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे नेलीत तर चामडं कापलं जाईल. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा ते आठवा, पण हात उचलताना तो जसा मनगट वळवायचा तसं आपण करायचं नाही, आपल्याला ते जमत नाही आणि कड गोल होते. थांबा, मग सरळ उचला. प्रत्येक बाजूला पंधरा हात.

चाचणीला वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून वरून खाली कापायचा. कुठे फाटला तर पात्याचा तेवढा भाग पुन्हा बघा. टोमॅटोची चाचणी मला जास्त आवडते: चाकू सालीवर ठेवायचा, न दाबता मागे ओढायचा. साल उघडली की झालं. हातावरचे केस भादरून दाखवायची काहींना हौस असते; आमच्या घरात त्याला बंदी आहे.

किती बारीक जायचं? खिशातल्या चाकूला १००० च्या पुढे जाऊ नये असं माझं मत. आरशासारखी पॉलिश केलेली धार लाकूड तासायला छान, पण दोरी आणि टोमॅटोच्या सालीवर ती घसरते. ४०० ते १००० वर थांबलेल्या धारेला सूक्ष्म दात राहतात आणि तेच पकडतात.

दातेरी पातं

भातकापणीचा दातेरी विळा ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. दातांच्या शेंड्या दाब एका बिंदूवर आणतात, म्हणून ओली दोरी, पट्टा, पाव यांच्यात ते घुसतात. खाचांतली धार पाटावर किंवा ताटलीवर टेकतच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. दातेरी पातं बोथट वाटतं तेव्हा बऱ्याचदा शेंड्या थकलेल्या असतात आणि खाचा बऱ्या असतात. म्हणून पहिला उपाय चामड्याचा: सपाट बाजू पट्ट्यावर आडवी ठेवून आठ-दहा हात. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं.

भागलं नाही तर बसा निवांत, तासभर काढून.

बहुतेक दातेरी पाती एकाच बाजूने घासलेली असतात. एका बाजूला खाचांचे उतार दिसतात, दुसरी बाजू सरळ सपाट. काम फक्त उताराच्या बाजूने करायचं. सपाट बाजू घासत बसलात तर दात लहान लहान होत जातात आणि शेवटी नुसता लाटालाटांचा किनारा उरतो. असा एक पावाचा चाकू आमच्याच घरात होता, कोणी केला ते विचारू नका.

हत्यार गोल हवं आणि खाचेपेक्षा किंचित लहान. खाचेपेक्षा मोठं घेतलंत तर ते तळाला पोचतच नाही, शेंड्या मात्र खातं. निमुळती गोल हिऱ्याची कानस, पेनाएवढी, ही यासाठी सगळ्यात सोयीची: मोठ्या खाचेत जाड भाग, लहानीत बारीक टोक. सुईकानसांचा हिऱ्याचा संच मिळतो, त्यातलीही गोल कानस चालते. साधी पोलादी सुईकानस नको, कडक केलेल्या पात्यावर ती नुसती घसरते. काहीच नसेल तर घरातल्या ड्रिलच्या बिटांचा दांडा घ्या, ३, ४, ६ मिलिमीटर, खाचेत बसेल तो. त्यावर ८०० नंबरच्या वॉटरपेपरचा एकच वेढा घट्ट गुंडाळा. पेन्सिल किंवा बांबूची काडीही चालते. कागदाची जाडी धरून माप घ्या.

चाकू टेबलाच्या कडेला लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा, उतार वर, धार तुमच्यापासून लांब. व्हाइस असेल तर जबड्यांत फडका घालून हलकेच पकडा. प्रत्येक खाचेत मार्करची शाई भरा. आता कानस खाचेत बसवा, कारखान्याचा उतार जसा आहे त्याच कोनात. इथे कोन शोधावा लागत नाही, खाचच तो दाखवते. हात पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने. परत येताना कानस उचलायची. कागद गुंडाळलेला असेल तर हे पाळाच, नाहीतर धार कागद कापते. प्रत्येक हाताबरोबर कानस बोटांत थोडी फिरवत राहा, म्हणजे ती एकाच जागी झिजत नाही आणि खाचही सारखी गोल राहते.

पाच-सहा हात झाले की शाई बघा. खाचेच्या तळापासून दोन्ही कुशींपर्यंत गेली पाहिजे. मग सपाट बाजूला नखाने बर तपासा. आली? पुढची खाच. नाही? अजून तीन-चार. प्रत्येक खाचेला साधारण सारखेच हात द्या. आणि शेंड्यांना मुद्दाम हात लावू नका. दोन बाजूंच्या खाचा नीट झाल्या की मधली शेंडी आपोआप अणकुचीदार होते, कारण शेंडी म्हणजे दोन उतार भेटतात ती जागा, वेगळं काही नाही.

सगळ्या खाचा झाल्या की सपाट बाजूला बर राहिलेली असते. सपाट बाजू बारीक दगडावर जवळजवळ आडवी ठेवा आणि एक, फार तर दोन हलके हात. मग पुन्हा प्रत्येक खाचेत कानसेचा एक पुसता हात, आणि शेवटी चामडं. चामड्याचा कंगोरा वळवून खाचांतूनही फिरवता येतो.

निम्मं-निम्मं पातं असेल तर आधी दातेरी भाग करा, मग साधा. उलट केलंत तर कानस घसरून साध्या धारेवर ओरखडा उमटतो. दगडावर साधा भाग घासताना पहिला दात दगडाच्या कडेबाहेर राहील अशी काळजी घ्या.

तिच्या चाकूच्या चपट्या शेंड्यांचं काय? पूर्ण अणकुची आणायची तर सगळ्या खाचा खोल कराव्या लागल्या असत्या, म्हणजे चाकूचं दोन-तीन वर्षांचं आयुष्य एका दुपारी घासून टाकायचं. मी निम्म्यावर थांबलो. दोरी कापते, बास. ज्या स्वस्त सुऱ्यांना करवतीच्या पात्यासारखे अगदी बारीक दात असतात आणि "कधीच धार लावावी लागत नाही" असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, त्यांच्या नादी लागू नका. ते खरंच आहे, लावताच येत नाही.

सायकलवरचा धारवाला

विळी, कोयता, कात्री यांच्यासाठी मी अजूनही त्यालाच हाक मारतो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळी कापणाऱ्या बायकांच्या कोयत्यांना जी धार लागते ती जाड, रांगडी, आणि तशीच हवी. पण खिशातला चाकू चाकावर देऊ नका. चाकू पातळ असतो, चाक कोरडं असतं, आणि कडेचं तापमान क्षणात चढतं. पातं निळसर-जांभळं दिसलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणायचं. मग त्या जागी कितीही धार लावा, टिकत नाही.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, वडिलांचा जुना चाकू मी बेंच ग्राइंडरवर धरला होता. टोकाचा अर्धा सेंटिमीटर निळा झाला. फोरमनने बघितलं, काही बोलला नाही, नुसती पाण्याची वाटी माझ्यासमोर सरकवली. निळा भाग हाताने घासून काढायला पुढचे आठ दिवस लागले, आणि चाकू तेवढा आखूड झाला.

पावसाळ्यातलं

ठाण्यात जून ते सप्टेंबर, आणि नवी मुंबईत खाडीच्या बाजूला राहात असाल तर बारा महिने, गंज हाच धारेचा पहिला शत्रू. स्टेनलेस म्हणजे डागच पडत नाहीत असं नाही, कमी पडतात एवढंच. साध्या कार्बन पोलादाचा चाकू, उदाहरणार्थ ओपिनेलचा कार्बनवाला, लिंबू कापून तसाच ठेवला तर तासाभरात करडा पडतो. वापरल्यावर धुवा, कोरडा करा. खाण्याचं कापत असाल तर केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन पात्याला पुसा, बिजागरीत एक थेंब. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. डब्यात, सोबत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी.

धार लावून झाल्यावर बिजागरीवरचा टेप काढा, नळाखाली चाकू दोन-चारदा उघडमीट करा, भुकटी निघू द्या, मग वाळवा.

माझा लाल चाकू महिन्याकाठी एकदा चामड्यावर जातो, दगडावर वर्षातून दोनदा. दातेरी भागाला कानस दोन वर्षांतून एकदा लागली तरी पुष्कळ. ट्रेकला जाताना पूर्ण सरंजाम नेऊ नका, पेनाएवढी हिऱ्याची कानस पुरते.

दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा आली. या वेळी स्वतःच सगळं करून, चाकू दाखवायला. कागद कापून दाखवला, टोमॅटो कापला. मी चष्मा लावून खिडकीपाशी गेलो, धार वर करून धरली.

"मुठीकडून तिसरी खाच राहिली बघ."

"कुठे? शाई तर गेली होती, काका."

"शाई गेली, पण बर आली होती का? नख लावून बघितलंस?"

तिने खिशातून कानस काढली आणि तिथेच स्टुलावर बसली.